आढं उसनं, पाखी स्वतःची

कोथरूडातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती माळ्यावर राहत नाही. दाराशी उभ्या असलेल्या सायकलच्या हँडलला एक पिशवी बांधलेली असते, त्यात राहते. पिशवी तिच्याच उरलेल्या कापडाची. उघडली तर पावणेतीन मीटर रुंद आणि जवळजवळ तीन मीटर लांब. मिटली तर पाण्याच्या लिटरच्या बाटलीएवढी. वजन साडेचारशे ग्रॅम, रंग शेवाळी, जात नायलॉन. घडी घातलेली तिला आवडत नाही. घडीच्या त्याच त्या रेघेवर कापडाचा लेप झिजतो, म्हणून मूठमूठ करून कोंबावी लागते. दार नाही, खिडकी नाही, जमीन नाही, काठी नाही. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “एवढा खटाटोप करून नुसतं छप्पर?” हो, नुसतं छप्पर. तिच्याकडे तेवढाच एक गुण आहे आणि तो तिला पुरतो.

तिची थोरली चुलत बहीण सगळ्यांच्या ओळखीची आहे. मे महिना कलला की रविवार पेठेत निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांचे, प्लास्टिकच्या कागदांचे आणि दोऱ्यांचे ढीग लागतात. टेम्पोवर, कांद्याच्या चाळीवर, गळक्या पत्र्यावर, गणपतीच्या मांडवावर तीच. तिचा भाव करताना दुकानदार ‘जीएसएम’ विचारतो, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. एकशेवीसची घेतली तर आमच्या हिच्या मापाला किलोभर भरते, दोनशेची घेतली तर दीड किलोच्या वर. आमची ही पन्नासच्या आसपासची. टेम्पोला हा फरक कळत नाही. पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ पायांनी चढणाऱ्याला मात्र पाव किलोचाही हिशेब लागतो. शिवाय थोरली बोलते फार. वाऱ्याची झुळूक आली तरी रात्रभर कडकड. धाकटी अबोल आहे, पण अबोल माणसांसारखीच हट्टी.

तिचा वंश शोधायला लांब जावं लागत नाही. कोथरूडच्या वेशीबाहेर पडून पिरंगुट, पौड ओलांडलं आणि आषाढात भातलावणीच्या खाचरांशी थांबलं की तिच्या पणज्या दिसतात. इरलं हे त्यातलं सर्वांत हुशार. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली आणि दोन्ही हात लावणीला मोकळे. आता पानांच्या जागी बहुतेक ठिकाणी प्लास्टिक आलं, पण घडण तीच राहिली. धनगराची घोंगडी खोळ करून डोक्यावर घेतली की तीही छप्परच, फक्त भिजल्यावर तिचं ओझं मेंढीएवढं होतं. आळंदी-देहूहून निघालेल्या वारकऱ्याच्या पडशीत प्लास्टिकचा कागद असतोच. दिवसा पावसात तो डोक्यावर, रात्री ओल्या शेतात अंगाखाली. एका वस्तूने दोन कामं केली पाहिजेत हा हलक्या सामानाचा पहिला नियम वारीने फार पूर्वी पाठ केला आहे. आणि भटक्यांचं पाल, ऊसतोड मजुरांची कोपी ही तर सख्खी नाती. तिथे मात्र हौस संपते आणि गरज सुरू होते. ज्यांचं अख्खं घर असं दोरीवर ताणलेलं असतं त्यांच्यासमोर आपल्या साडेचारशे ग्रॅमचं कौतुक सांगू नये. मुळशी धरणाच्या काठावर तर मुळीच नाही. त्या पाण्याखाली गावं आहेत आणि ती वाचवायला १९२१ साली तिथे सत्याग्रह झाला होता. पक्क्या छपरांचं काय होऊ शकतं हे त्या तालुक्याला ठाऊक आहे.

सायकलला छप्पर बांधून निघण्याची हौस मात्र साहेबाची, आणि तो साहेब पेशाने शिंपी होता हे मला फार आवडतं. टॉमस हायरम होल्डिंग त्याचं नाव. १८५३ साली, लहानपणी, आईवडिलांबरोबर तो अमेरिकेच्या गवताळ मैदानांतून गाड्यांच्या तांड्याबरोबर गेला होता आणि तंबूत झोपण्याची चटक त्याला तिथे लागली. पुढे लंडनमध्ये कपडे शिवता शिवता त्याने सायकलवर मावेल असा तंबू बेतला, आयर्लंडच्या कॉनेमारा भागात सायकलने भटकला आणि १८९८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. १९०१ साली सायकलवरून मुक्कामाला जाणाऱ्यांची संघटना निघाली ती त्याच्याच पुढाकाराने. म्हणजे या खेळाचं मूळ गिर्यारोहकात किंवा लष्करी अधिकाऱ्यात नाही, कात्री चालवणाऱ्या माणसात आहे. त्यानंतर जवळजवळ शतकाने अमेरिकेतल्या रे जार्डीनने पाठीवरच्या ओझ्याविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा त्यानेही तेच सांगितलं: तंबू विकत घेऊ नका, छप्पर शिवा. दोघांचा रोख एकच होता. जे स्वतः बेतलं त्यातलं अनावश्यक काय हे आपल्याला कळतं. विकतच्या वस्तूत ते दुकानदाराने ठरवलेलं असतं.

तिचा जन्म कोथरूडात, एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर सुरू झाला. कापडाचा पन्हा अठ्ठावन्न इंच. पावसात पाठ झाकायला तो अपुरा, म्हणून तीन-तीन मीटरचे दोन तुकडे लांबीकडून जोडायचे. जोड येतो बरोबर मधोमध, म्हणजे घराच्या भाषेत आढ्यावर. सगळा ताण तिथेच येणार, म्हणून तिथली शिलाई साधी चालत नाही. दोन्ही काठ एकमेकांत अडकवून दुमडायचे आणि वरून दोन टिपा मारायच्या. जीन पँटच्या पायाला असते तीच ही शिलाई. पँट आणि छप्पर दोघांनाही ओढाताण सोसायची असते.

कडा सरळ कापायच्या नाहीत, हे तिचं पहिलं कोडं. सरळ कड दोन टोकांना ओढली की मध्ये ढिली पडते आणि वाऱ्यात फडफडते. म्हणून कड आत वळलेली हवी, पण किती आणि कुठे? उत्तर सायकलच्या अंगावरच होतं. दोन जुन्या चेन डिझेलने धुतल्या, एकमेकींना जोडल्या, भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि दोन खिळ्यांमध्ये ती लांब चेन अशी टांगली, की मध्यभागी टीचभर खाली झुकेल. टांगलेली साखळी आपणहून जो बाक घेते, त्यात तिची प्रत्येक कडी फक्त ओढ सोसते. हाच बाक कापडाला दिला की ताण कडेने सारखा वाहतो. या बाकाने मोठमोठ्यांना छळलं आहे. गॅलिलिओने त्याला परवलयाच्या जवळचं म्हटलं. खरं समीकरण १६९१ साली लायब्नित्स, हायगेन्स आणि योहान बर्नोली या तिघांनी मांडलं. आम्ही पेन्सिलने गिरवलं. समीकरण चेनला येत होतं, तेवढं पुरे.

घरची पायमशीन या कापडापुढे हरते. सिलिकॉनचा लेप असलेलं नायलॉन इतकं निसरडं, की खालचा तुकडा पुढे जातो आणि वरचा मागे राहतो. म्हणून आढ्याची शिलाई गल्लीतल्या पिको-फॉलवाल्या काकूंकडे गेली. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिलं.

“हे कशाचं? छत्रीचं?”

“छपराचं, काकू. सायकलवरून न्यायचं.”

“छपराचं का असेना, टीप सरळ गेली म्हणजे झालं. माप मात्र लिहून द्या, तोंडी नको. आणि टाचण्या लावून आणू नका, त्याची भोकं बुजायची नाहीत.”

टाचण्यांचं त्यांनी न सांगता ओळखलं. काठ धरायला कपड्यांचे चिमटे वापरले, कापडाखाली पातळ कागद सरकवला आणि शिवून झाल्यावर तो फाडून काढला. सुई अकरा नंबरची, बारीक. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा ओलीत कुजतो. टाके जरा लांब, कारण फार जवळ घेतले तर भोकांच्या रांगेवरच कापड फाटतं. चारही कोपऱ्यांना आणि आढ्याच्या दोन टोकांना दुहेरी ठिगळ, त्यावर बॅगेच्या पट्ट्यासारख्या अरुंद पट्टीचे फास, आणि प्रत्येक फासाच्या बुडाशी पुढे-मागे, पुढे-मागे टीप. पितळी आयलेट नकोत असं काकूंचंही मत पडलं. “आयलेट म्हणजे आधी भोक पाडायचं आणि मग ते सांभाळायचं,” असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

शिवल्यावर ती गळते. प्रत्येक टाक्याला एक भोक, आणि आढ्यावरच सर्वांत जास्त टाके. म्हणून शिलाईवर लेप द्यावा लागतो, आणि इथे तिचा जातीचा अभिमान दिसतो. सिलिकॉनवर सिलिकॉनच चिकटतं, दुसरं काही लावलं तर पापुद्रा होऊन निघतं. हार्डवेअरच्या दुकानात काचेच्या फटी बुजवायला मिळणारं पारदर्शक सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ केलं, ब्रशने शिलाईवर ओढलं आणि गच्चीवर वाळत टाकलं. सोसायटीच्या गच्चीवर काहीही पसरलं की पंचनामा होतोच. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आधी कुरडयांची चौकशी केली. वास आल्यावर त्यांना रंगकामाचा संशय आला. छप्पर आहे म्हटल्यावर म्हणाले, “आपल्या इमारतीला आहे की!” लेप वाळल्यावरही चिकट राहतो, म्हणून वरून टाल्कम पावडर मारायची. त्यामुळे पहिले काही मुक्काम तिला बाळाच्या अंगाचा वास येत होता.

इथवर तिची घडण झाली. स्वभाव बाहेर कळतो.

तिला स्वतःचा कणा नाही. तंबूच्या बरोबर त्याच्या काठ्या येतात, तो कुठेही उभा राहून दाखवतो. ही आली की आधी आजूबाजूला बघते. झाड आहे का, कुंपणाचा दगडी खांब आहे का, देवळाच्या पडवीचा वासा आहे का? काहीच नसेल तर सायकल आहेच. सायकल उभी करायची, पुढचा ब्रेक रबरी पट्टीने आवळून बांधायचा म्हणजे चाक फिरत नाही, आढ्याची दोरी हँडलला एक वेढा देऊन पुढे जमिनीत मेखेला ओढायची. समोरची बाजू कमरेएवढी उंच, मागची जमिनीला टेकलेली, दोन पाखी दोन बाजूंना. खाली एक माणूस आणि त्याचं सामान. सायकल तिला उभं धरते आणि तिच्या ताणलेल्या दोऱ्या सायकलला पडू देत नाहीत. कोण कुणाच्या आधारावर आहे हे दोघींनाही सांगता येणार नाही.

मेखा जुन्या स्पोकच्या केल्या आहेत: टोक कापून, डोकं वाकवून. पौडच्या शेतातल्या मातीत त्या लोण्यात जाव्यात तशा जातात. माळावरच्या मुरमात त्या वाकतात आणि कातळावर त्यांचा काही उपयोग नाही. सह्याद्री बसाल्टचा आहे, त्याने लोखंडाला फार किंमत दिलेली नाही. तिथे दगड गोळा करायचे, दोरीला छोटी काडी बांधून ती मोठ्या दगडाखाली दाबायची. गाठीही तिला मोजक्याच चालतात. झाडाला खुंटगाठ, आणि दोरी घट्ट-सैल करायला सरकगाठ, जी ओढ असताना धरते आणि हाताने सरकवली की सरकते. निरगाठ मारली तर ती सकाळी ओल्या बोटांनी सोडवत बसण्याची शिक्षा देते.

ताण हेच तिचं बळ. ढिली ताणली तर वारा तिला फुगवतो, पाणी पोटात साचतं आणि साडेचारशे ग्रॅमचं छप्पर पाच लिटरचं होतं. बेतशीर ताणली तर सरीवर सर कोसळो, पाणी पाख्यांवरून खाली जातं. आणि नायलॉन असल्यामुळे तिची एक खोड आहे. ते पाणी पितं आणि सैलावतं. पॉलिएस्टर असं करत नाही, पण ते आपल्याला मिळालं नव्हतं. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने उठून प्रत्येक सरकगाठ दोन बोटं पुढे ढकलावी लागते. अंथरुणात शिरल्यावर माणसाला बाहेर काढणारी एवढी एकच आज्ञा तिच्याकडे आहे.

पहिल्या पावसात तिने दाखवलेली दुसरी गंमत आढ्याच्या दोरीची. पाखी कोरडी, शिलाई कोरडी, तरी उशाशी थेंब. विजेरी लावून पाहिलं तर पाणी हँडलवरून दोरीवर चढलं होतं आणि दोरीवरून सावकाश चालत आत येत होतं. छताखाली पोचल्यावर थेंब लोंबायचा, जाड व्हायचा आणि पडायचा. मागून दुसरा निघालेला असायचाच. त्यावर उपाय हातभर अलीकडे, दोरीला बोटभर सुतळीचा तुकडा बांधण्याचा. त्या तुकड्याशी येऊन पाणी विचार बदलतं, सुतळीवरून खाली उतरतं आणि बाहेर टपकतं. पावसाशी वाद न घालता त्याला दुसरी वाट दाखवणं ही तिचीच शिकवण.

झडीशी मात्र वाटाघाट होत नाही. मुळशीच्या पुढे ताम्हिणीकडे जावं तसा पाऊस पुण्याचा राहत नाही. कोकणातून चढलेला वारा त्याला आडवा करतो. त्यामुळे पश्चिमेची बाजू जमिनीला टेकवायची आणि तोंड पूर्वेला करायचं. कोकणात पावसाळ्याआधी घराच्या पश्चिमेला झडप बांधतात त्यामागेही हाच शहाणपणा आहे. दरीच्या कडेवर, खिंडीत, ओढ्याच्या पात्रात तिला नेऊ नये. आणि ताम्हिणीचं जंगल अभयारण्य आहे, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. तिचं गबाळ एका मिनिटात आवरतं, पण ती पळून जाण्याची सोय म्हणून वापरायची नसते.

मग ती उतरते कुठे? बहुतेक वेळा गावात. आणि इथे पुणेकर ट्रेकर हमखास विचारतो, “मारुतीचं देऊळ असताना हिचं काम काय?” प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीत देवळं आणि शाळांच्या पडव्या आहेत तोवर कुणाला तंबूची फारशी गरज पडणार नाही. पण देवळाची पडवी एका बाजूने उघडी असते, पाऊस नेमका त्याच बाजूचा असतो आणि तिथे ही दोन खांबांमध्ये ताणली की पडवीची खोली होते. देवळात आधीच कुणी उतरलेलं असेल तर कुणाच्या तरी अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लावून. त्यासाठी विचारावं लागतं. “मावशी, इथे एक रात्र टेकू का? दोरी तुमच्या आंब्याला बांधतो.” मावशी आंब्याकडे बघतात, सायकलकडे बघतात, तिच्याकडे बघून हसतात आणि म्हणतात, “बांध की. पण त्या फांदीला नको, सडलीय ती. हिकडं बांध.” बंद तंबूवाल्याला हे संभाषण करावं लागत नाही. तो आला, चेन ओढली, आत गेला. हिला आढं उसनं लागतं, म्हणून माणसाला तोंड उघडावं लागतं. तिच्या साऱ्या उणिवांमध्ये ही मला सर्वांत मोलाची वाटते.

बाकीच्या उणिवा खऱ्या आहेत आणि त्या झाकू नयेत. डास तिला भावासारखे. त्यामुळे आतून वेगळी मच्छरदाणी टांगावी लागते. जमीन नसल्यामुळे जळू, विंचू आणि फुरसं यांना तिची हरकत नसते. पावसाळ्यात गवतात उतरू नये, झोपण्याआधी जागा काठीने झाडून घ्यावी आणि सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नये. स्टोव्ह तिच्याखाली पेटवायचा नाही. नायलॉन पेट घेण्याआधी वितळतं आणि वितळलेलं नायलॉन अंगाला चिकटतं. वादळाचा इशारा असेल त्या रात्री तिला पिशवीतच ठेवून एखाद्या धर्मशाळेचा रस्ता धरावा. तिला त्याचा राग येत नाही.

आणि ती फाटली तर? काटेरी करवंदीने एकदा पाखं ओरबाडलं. विकतचा तंबू असता तर दुकान शोधावं लागलं असतं. इथे पिशवीच्या तळाशी तिच्याच कापडाचा हातभर तुकडा आहे, आणि कुठली शिलाई कशी घेतली, कुठला कोपरा अशक्त आहे हे सगळं ठाऊक आहे. आतून ठिगळ, सिलिकॉनचा हात, आणि ती पुन्हा उभी. ठिगळ दिसतं. दिसू दे.

ज्याला हे करून बघायचं आहे त्याने पावसाळ्याची वाट पाहू नये. उन्हाळ्यात सहा मीटर कापड घ्या, पॉलिएस्टर मिळालं तर तेच घ्या. पॉलिएस्टरच्या दोऱ्याचं एक रीळ, पट्टी, दोरी आणि सिलिकॉनची एक नळी घ्या. कापडाच्या लेपाची जात दुकानदाराला आधीच विचारा, कारण पॉलियुरेथेनचा लेप असेल तर शिलाईलाही त्याच जातीचा लेप लागतो. मशीन घरी नसेल तर शेजारी असेलच, कोथरूडात तरी असते. वळवाच्या पहिल्या सरीत गच्चीवर ताणून तिच्याखाली तासभर बसा, कुठे गळते ते खडूने खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बुजवा. गच्चीवर जी कोरडी राहिली तिलाच मुळशीला न्या.